जुनी गाडी : दुरुस्ती की बदल?

(चिपळूण येथील अभ्यासवर्गात ‘घरखर्चातले निर्णय’ या विषयावर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय साधा वाटेल. पण घर सोडलं तर मध्यमवर्गीय कुटुंबाची सगळ्यांत मोठी खरेदी गाडीचीच असते. असं असून जुनी गाडी दुरुस्त करायची की बदलायची, हे बहुतेक घरांत हौस, लोकलाज आणि ऐकीव माहिती यांवरच ठरतं. कागद-पेन घेऊन कुणी बसत नाही. आम्ही बसलो. त्यातून हाती आलेलं तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ऐकीव माहितीचं बघू. “पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात” असं सर्रास सांगितलं जातं. ती दिल्ली आणि भोवतालच्या भागाची गोष्ट आहे. तिथे हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या गाड्यांवर निर्बंध आले. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज करायचा, आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, की गाडी योग्य असेल तर पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. शुल्क वाढलं, पण त्याचा अर्थ बंदी नव्हे. २०२१ चं स्क्रॅप धोरणही खासगी मालकावर सक्ती करत नाही. गाडी तपासणीत नापास झाली तर प्रश्न वेगळा.

आता आमची गाडी. २०११ ची छोटी पेट्रोल गाडी, १ लाख ३८ हजार किलोमीटर चाललेली. घरात आई आहे, तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मुलगी नर्सिंगला आहे, तिची फी दरवर्षी भरायची असते. म्हणजे गाडी बंद पडून चालत नाही आणि मोठा हप्ता डोक्यावर घेणंही परवडत नाही. पेच होता तो हा.

गॅरेजवाल्याने ६२ हजारांचा अंदाज दिला. आकडा ऐकून पहिली प्रतिक्रिया आली, “सत्तर हजारांच्या गाडीवर बासष्ट हजार?” हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि तो चुकीच्या दिशेने नेतो. गाडी विकून काय येईल, ही एक बाजू झाली. तिच्या जागी दुसरी आणायला काय लागेल, ही दुसरी. तुलना या दुसऱ्या आकड्याशी करायला हवी.

आम्ही गॅरेजवाल्याला यादीचे तीन भाग करायला सांगितले. पहिला जिवाशी संबंधित : ब्रेक, टायर, लोअर आर्म, मिळून २४ हजार. दुसरा गाडी रस्त्यात बंद पाडणारा : क्लच आणि रेडिएटर, १७ हजार. तिसरा सोयीचा : एसी आणि रंगकाम, २१ हजार. पहिल्या भागात काटकसर करायची नाही, दुसरा टाळायचा नाही, तिसरा थांबू शकतो. बासष्टचे एकेचाळीस झाले. कुणाचीही अशी यादी असेल तर आधी हे तीन भाग करून घ्या.

त्याआधी एक गोष्ट मात्र केली. गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिला. आपल्या कोकणात पाऊस आणि खारी हवा, इंजिनाआधी पत्रा सडतो. वरवरचा गंज घासून, कोटिंग करून थांबवता येतो. पण सांगाड्याचा, सस्पेन्शन बसतं तिथला पत्रा सडला असेल, तर इंजिन कितीही छान असो, त्या गाडीवर पैसे घालू नका. आपल्या गावाला आणखी एक सांगायला हवं. जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या वायरिंगचे जोड आतून गंजत राहतात आणि पुढे कधीही त्रास देतात. अशी गाडी असेल तर हिशेबात ते धरा.

आता दुसरी बाजू. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे “आत्ताच घ्या” असं सगळे म्हणत होते. शोरूमने आमच्या गाडीचे ७० हजार धरले, वर २० हजार एक्स्चेंज बोनस. नवी गाडी ऑन रोड ६ लाख ४० हजार. एक लाख रोख दिले तरी साडेचार लाखांचं कर्ज राहतं. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे ९,४५० रुपये, आणि एकूण व्याज सुमारे १ लाख १७ हजार. इथे एक सूचना : शोरूमकडून दोन कोटेशन मागा, एक जुनी गाडी देऊन, एक न देता. बोनस दिसतो तेवढा खरा आहे का, ते दोन कागद शेजारी ठेवल्यावरच कळतं.

दोन वर्षांचा हिशेब असा झाला. दुरुस्ती ४१ हजार, नोंदणी आणि कर धरून ८ हजार, पुढची देखभाल वर्षाला १५ हजार. म्हणजे ७९ हजार, महिन्याला सुमारे ३,३०० रुपये. नव्या गाडीला फक्त हप्ताच साडेनऊ हजारांच्या घरात. कर्ज फिटल्यावर नवी गाडी आपली राहते हे खरं, पण तिची किंमतही दरवर्षी उतरते. आणि मुलीची फी पाच वर्षांनी नाही, येत्या जूनमध्ये भरायची आहे.

इथेच हिशेब संपला असता. पण मुलगी म्हणाली, “अब्बा, आपल्या गाडीला एअरबॅग नाही. ते कुठल्या रकान्यात लिहिलंत?” प्रश्न रास्त होता. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. एबीएसची सक्ती त्याच वर्षी एप्रिलपासून. आमच्या गाडीला दोन्ही नाहीत, आणि दुरुस्तीने ती येणारही नाहीत. बायकोचं म्हणणं असं की धोका हा कशावर, किती वेगाने आणि किती वेळ चालवता यावर ठरतो. तासभर चर्चा झाली. शेवटी तिघांनी मिळून ठरवलं : गाडी दुरुस्त करायची, पण ती गावात आणि दवाखान्यापुरतीच. हायवेवरचा लांबचा प्रवास एसटीने किंवा रेल्वेने. डायलिसिसच्या दिवसासाठी ओळखीच्या रिक्षावाल्याशी आधीच बोलून ठेवायचं. आणि एक रेघ आखायची : वर्षभरात दुरुस्तीवर ४० हजारांच्या वर खर्च गेला किंवा सांगाड्यात दोष निघाला, तर पुन्हा चर्चा नाही, गाडी काढायची. ही रेघ आधीच आखावी लागते. नाहीतर “एवढे घातले, आता आणखी थोडे” असं करत माणूस गुंतत जातो.

आमचं उत्तर तुमचं असेलच असं नाही. ज्याचं रोजचं शंभर किलोमीटर हायवेवर जाणं-येणं आहे, ज्याच्या गाडीचे पार्ट मिळेनासे झालेत, त्याने बदलणंच शहाणपणाचं.

बदलणार असाल तर कागद पक्के करा. नुसती चावी देऊन आणि कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळं होऊ नका. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याची. त्या खटल्यातली गाडी पुढे अनेक हात फिरली होती, तरीही. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याची खात्री करा. अधिकृत डीलरकडे देत असाल तर एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९सी ची सोय आहे. त्याची पोच मागून घ्या. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बोजा उतरवा. आणि विम्याचा नो क्लेम बोनस हा गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीच्या विम्यात तो वळता होतो.

शेवटची विनंती. हा हिशेब घरच्या कर्त्या पुरुषाने एकट्याने करू नये. गाडीत बसणाऱ्या सगळ्यांना समोर बसवून करावा. एअरबॅगचा रकाना आमच्या कागदावर आला तो मुलगी तिथे होती म्हणून.