विनोद कोणावर आणि हसतो कोण?



१९४९ साली व्यंगचित्रकार शंकर यांनी एक चित्र काढले. संविधान म्हणजे गोगलगाय. तिच्यावर बाबासाहेब बसलेले, हातात चाबूक. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. घटनेला उशीर होतो आहे, हा त्यातला विनोद. पुढे हेच चित्र एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आले. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. सरकारने ते वगळण्याचे जाहीर केले. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. लगेच पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयावर हल्लाही झाला.

तेव्हा पुष्कळांनी आपल्याला ऐकवले, ‘तुम्हाला विनोद कळत नाही.’ मित्रहो, हे वाक्य आपल्याला नवे नाही. वसतिगृहात, कचेरीत कोणी ‘सरकारचे जावई’ असा टोमणा मारतो. सगळे हसतात. ज्याला तो लागतो त्याने तोंड उघडले, की ‘अरे, गंमत केली!’ म्हणजे अपमानही त्याचा आणि दोषही त्याचाच. जे सरळ बोलायची लाज वाटते, ते हसण्याच्या आडून बोलता येते. सभेत पुढारीही हेच करतात. टाळी मिळते, जबाबदारी मात्र येत नाही. आता तर मोबाइलवरून तोच टोमणा घरोघरी पोहोचतो.

मग विनोदच नको काय? असे मी मुळीच म्हणणार नाही. महात्मा फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिले. त्यातला विदूषक गरीब कुणब्याला लुबाडणाऱ्या जोशीबुवाचे पितळ उघडे पाडतो. तिथे हसणे लुबाडणाऱ्यावर आहे, लुबाडल्या जाणाऱ्यावर नाही. विनोदाची पारख करायची ती इथेच.

गोगलगाईचे चित्र अवघड आहे ते यामुळेच. काढले तेव्हा ते सत्तेवरचे चित्र होते. पण साठ मुलांच्या वर्गात आपला एकच मुलगा बसलेला असतो, तेव्हा त्याला आधी चाबूक दिसतो. त्याचे दुखणे खोटे नाही.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या चित्राखाली प्रश्न विचारला होता, की संविधान सभेला इतका वेळ का लागला असेल? याचे उत्तर बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी सभागृहात स्वतःच दिले होते. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे लागली, आपण तीन वर्षांच्या आत काम पुरे केले. थट्टेला त्यांनी आकड्यांनी उत्तर दिले.

कार्यालयातल्या खुर्च्या मोडून हे उत्तर वर्गात पोहोचत नाही. उलट आपली बाजू लंगडी होते. जातीवरून चारचौघांत जाणूनबुजून केलेल्या अपमानासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिथे गप्प बसू नका. पण जिथे प्रश्न विचारला जातो, तिथे आपल्या मुलाने उभे राहून तो ७,६३५ चा आकडा सांगावा. मग वर्गातले हसणे आपोआप थांबेल. त्यासाठी संविधान सभेतील ते भाषण प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी संपूर्ण वाचावे, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम! जय भारत!