‘ताई, कोणती शाखा घेऊ?’

(सातिवली, वसई पूर्व येथे महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आधी एक कबुली देते. मला दिलेला विषय ‘शेळ्यांचे आजार आणि घ्यायची काळजी’ असा होता. त्यावर मी बोलणार आहेच, पण जरा वळसा घेऊन. झालं असं, की मागच्या आठवड्यात आपल्याच भागातली एक मुलगी माझ्याकडे आली. पशुवैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीनंतर दोन वर्षांचं एम.व्ही.एस्सी. करायचंय म्हणाली. ‘ताई, कोणती शाखा घेऊ?’ तासभर बोललो आम्ही, पण मला नीट उत्तर देता आलं नाही. ती गेल्यावर वाटलं, हा प्रश्न एकट्या तिचा नाही. ज्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही पण जन्मभर शेण काढलं, त्या तुम्हा सगळ्यांचाही त्याच्याशी संबंध आहे. म्हणून तिलाही आज बोलावलंय. ती मागे बसलीय.

तिच्यासमोर शाखा पुष्कळ आहेत. शस्त्रक्रिया, औषधवैद्यक, प्रजनन व स्त्रीरोग, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परजीवी, पोषण, कोंबड्या, सार्वजनिक आरोग्य. घरचे म्हणतात, कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढ, वसईत इमारती वाढताहेत, पैसा आहे, कपडे स्वच्छ राहतात. वर्गातल्या मुलांचं म्हणणं, मुलींना प्रयोगशाळा बरी. आईची काळजी वेगळीच, सासरी गेल्यावर जमेल असं काहीतरी घे. एवढ्या सगळ्यांच्या सल्ल्यांत जनावराचं नाव एकदाही आलेलं नाही, आणि जनावर सांभाळणाऱ्या बाईचं तर नाहीच.

मी सातिवलीतच वाढले. आज सातिवली म्हटलं की गाळे, टेम्पो, पत्र्याच्या शेड डोळ्यांसमोर येतात. माझ्या लहानपणी इथे भात होता, पेंढ्याच्या उडव्या होत्या, आणि शेळ्या तुंगारेश्वरच्या उतारापर्यंत चरायला जायच्या. आमच्याकडे दोन म्हशी आणि सात-आठ शेळ्या होत्या. म्हशी ‘बाबांच्या’ आणि शेळ्या ‘आईच्या’. म्हणजे म्हशींचं दूध काढायचं आईने, शेण काढायचं आईने, पण दुधाचा हिशेब आणि विकायचा निर्णय बाबांचा. शेळी मात्र आईची खरी. माझी फी, बहिणीचं दुखणं, पावसाळ्यातली उधारी, सगळं करडं विकून भागलं. गावात डॉक्टर आला की पहिला प्रश्न असायचा, ‘मालक कुठेत?’ आई जनावराच्या डोक्याशी उभी असायची आणि डॉक्टर बाबांशी बोलायचे.

पदवीनंतर मी प्रजनन व स्त्रीरोग शाखा मागितली. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी हीच हवा होती. एका प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. हे बायकांचं काम नाही.’ विषयाच्या नावात ‘स्त्रीरोग’ आणि ‘प्रसूति’ आहे, आणि ते बायकांचं काम नाही! मी भांडले, अर्ज केले, आणि ती जागा मिळवली.

तेव्हा मला आनंदीबाई जोशींचा फार आधार वाटायचा. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणच्या त्या. १८८६च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचा. स्वतःचं तान्हं मूल गमावलेल्या बाईने. परळला जनावरांचं जे मोठं इस्पितळ आहे त्यालाही एका बाईचं, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचं नाव आहे. माणसांची पहिली डॉक्टरीण १८८६ला झाली. भारतातल्या पहिल्या महिला पशुवैद्य म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या डॉ. सक्कूबाई रामचंद्रन मद्रासहून पदवीधर झाल्या १९५२ साली. मधे ६६ वर्षं गेली. तिकडेही फार वेगळं नव्हतं. एलीन कस्ट या बाईने एडिंबरोला १९०० साली पशुवैद्यकाचं शिक्षण पुरं केलं. तिला रीतसर मान्यता मिळाली १९२२मध्ये. मधली वर्षं ती आयर्लंडमध्ये घोड्या-गुरांवर उपचार करतच होती. काम चालायचं, नाव चालत नव्हतं. हे आपल्याला नवीन नाही.

तर मी तो हात घातला. इथेच, तबेल्यात. पावसाळ्यातली रात्र होती. म्हैस सकाळपासून अडलेली, कळा येऊन थांबलेल्या. आत हात घातला तर वाट पिळलेल्या लुगड्यासारखी लागली. गर्भाशयाला पीळ पडला होता. म्हशींत हे बरंच आढळतं. ओढाताण केली तर म्हैस जाते, इथे ताकद लागतच नाही. पीळ कोणत्या बाजूला आहे ते हाताने ओळखायचं, त्याच बाजूवर जनावर आडवं करायचं, पोटावर लांब फळी ठेवायची, फळीवर कोणीतरी उभं राहायचं आणि पाय बांधून म्हशीला हळूहळू पिळाच्याच दिशेने उलटं लोळवायचं. फळीने आतलं रेडकू जागेवर राहतं, म्हैस फिरते, पीळ सुटतो. तबेल्याचे मालक म्हणाले, साहेबांना बोलावू. मी म्हटलं, फळी आणा. दोरावर आई आणि शेजारच्या चौघी होत्या. फळीवर आमची काकी उभी राहिली, पदर खोचून. तिसऱ्या खेपेला पीळ सुटला, आतून पाण्याचा लोट आला आणि रेडकू जिवंत निघालं. मालकांनी चहा दिला आणि विचारलं, ‘साहेब उद्या येतील ना बघायला?’

हसू नका. मलाही तेव्हा हसू आलं नव्हतं.

पण त्या शाखेने मला जे शिकवलं त्यात सगळ्यात मोठं हे नव्हतं. म्हशीला ‘मुका माज’ येतो, तुम्हाला ठाऊक आहे. गाईसारखी ती ओरडत नाही. माज ओळखायचा तो बारीक खुणांवरून: दूध कमी देते, सारखी लघवी करते, काचेसारखी बळस लोंबते. हे कोणाला दिसतं? जी धार काढते तिला. संध्याकाळी माज दिसला तर दुसऱ्या सकाळी भरवायची, सकाळी दिसला तर संध्याकाळी. ती वेळ चुकली की साधारण २१ दिवस गेले. तेवढे दिवस चारा-पेंडीचा खर्च अंगावर. आणि बाई परक्या पुरुष डॉक्टरला हे शब्द कसे सांगणार? ती नवऱ्याला सांगते, नवरा सवडीने सांगतो, तोवर माज ओसरतो. मी जाऊ लागले तेव्हा बायका गोठ्याच्या मागच्या बाजूला नेऊन मला सगळं सांगायच्या. तारखा सांगायच्या, सणांवरून, पाळीवरून. जे ज्ञान पुस्तकात शोधत होते ते गोठ्यात उभं होतं, फक्त त्याला कोणी विचारलेलं नव्हतं.

आता माझ्या चुकीकडे येते.

नोकरीची दहा-बारा वर्षं झाली होती. लांब हातमोजे पुरेसे मिळायचे नाहीत. एकच जोड धुऊन पुन्हा वापरायची. एका तबेल्यात लागोपाठ तीन म्हशी गाभडल्या, सातव्या-आठव्या महिन्यात. जार अडकलेला. मी फाटक्या मोज्याने हाताने काढला. पुरुष सहकारी करायचे तसंच, किंबहुना त्यांच्याहून बेफिकिरीने. घाबरले असं कोणी म्हणू नये म्हणून. काही आठवड्यांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला. रात्री कपडे भिजतील इतका घाम, कंबर आणि सांधे धरलेले. मलेरिया नाही निघाला. टायफॉइडची औषधं दोनदा झाली. एका डॉक्टरांनी सांगितलं, ताण आहे, काम कमी करा, घराकडे लक्ष द्या. पाच महिन्यांनी रक्ताची योग्य तपासणी झाली आणि निघालं ब्रुसेलोसिस. गाभडलेल्या जनावराच्या जारातून, पाण्यातून, कच्च्या दुधातून माणसाला होणारा आजार. मी त्यावर परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं! दोन औषधं मिळून सहा आठवडे घ्यावी लागली.

अंथरुणात पडल्यापडल्या मला माझी आत्या आठवली. तिच्या शेळ्या गाभडायच्या. ती उघड्या हाताने सगळं निस्तरायची. वर्षभर ताप येत-जात राहिला. ‘अंगावर काढते’ म्हणून घरचे चिडायचे. मग तिचे दोन गर्भ गेले. पांढऱ्या पायाची म्हणून तिला माहेरी पाठवलं, आणि ती आमच्याकडे राहिली ती कायमची. शेळ्यांतून येणारा ब्रुसेला माणसाला जास्त त्रास देतो, आणि गर्भारपणात झाला तर गर्भपात होऊ शकतो, हे आज मला माहीत आहे. तिला तेच झालं होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिचं रक्त कोणी तपासलंच नाही. शेळ्यांचंही नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी पहिली निवड म्हणजे एका नकाराला दिलेलं उत्तर होतं. प्राध्यापक ‘नाही’ म्हणाले म्हणून मी ‘हो’ म्हटलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही, ती म्हैस वाचली. पण मी बघत होते पुरुषांकडे, त्यांना काय वाटतं तिकडे. फळीवर उभ्या असलेल्या काकीच्या उघड्या पायांवरून काय वाहत होतं, ते मी त्या रात्री पाहिलंच नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा शिकायला लागले. विषय पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य आणि साथरोग. जनावरातून माणसात काय येतं, आणि कोणत्या माणसात आधी येतं. सहकारी म्हणाले, अखेर बाईंनी सोपी, खुर्चीवरची शाखा घेतली. म्हणोत.

या वाटेवर एकटी नव्हते. पुण्यात आणि हैदराबादेत डॉ. नित्या घोटगे, डॉ. सागरी रामदास आणि त्यांच्या सहकारी महिला पशुवैद्यांनी १९९०च्या दशकात ‘अंथ्रा’ संस्थेचं काम उभं केलं. शेळ्या-मेंढ्या-कोंबड्या राखणाऱ्या बायकांच्या औषधी ज्ञानाची नोंद केली, गावातल्या बायकांना जनावरांच्या उपचारांचं शिक्षण दिलं. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकरांनी आनुवंशशास्त्र घेतलं आणि सुंदरबनच्या गरोळ मेंढीतला जुळं देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणण्याचं काम केलं. म्हणजे शाखा प्रयोगशाळेची असली तरी तिचं तोंड कळपाकडे असू शकतं. (जुळ्यातलं दुबळं कोकरू बाटलीने कोण पाजतं, हा प्रश्न मी तिथेही विचारीन. सवय लागलीय.)

तेव्हा मागे बसलेल्या मुली, मी तुला शाखा सांगणार नाही. कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढलास तरी मी नावं ठेवणार नाही. रेबीज काय कमी आहे? एवढंच कर. प्रत्येक शाखेच्या नावापुढे लिही: या जनावराला रोज हात कोण लावतं, निर्णय कोण घेतं, आजारी कोण पडतं, आणि दवाखान्यात बोलतं कोण. चारही जागी एकच नाव आलं तर मला येऊन सांग, मला बघायचंय ते घर.

आणि बायांनो, तुमच्यासाठी माझा मूळ विषय. शेळी किंवा म्हैस दिवस भरायच्या आधी गाभडली तर उघड्या हाताने शिवू नका. मोजे नसतील तर धड प्लास्टिकची पिशवी कोपरापर्यंत बांधा, नंतर साबणाने हात धुवा. जार खोल पुरा, वर चुना टाका, कुत्र्यांना ओढू देऊ नका. दूध उकळूनच प्या. ताप आठवडाभर हटला नाही तर डॉक्टरांना आपणहून सांगा की माझ्याकडे जनावरं आहेत, गाभडलेल्याला हात लावलाय. ते विचारणार नाहीत. २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस एकदा द्यायची असते. ती मागून घ्या. ती लस गाई-म्हशींसाठी आहे, शेळ्यांसाठी नाही. म्हणजे जी बायकांची गाय, तीच बाहेर राहिली. यावर आपण निवेदन द्यायचं का, ते चहानंतर ठरवू.

गर्भार बाईने गोठ्यातल्या बाळंतपणाला अजिबात हात लावायचा नाही, हेही मला सांगायचं असतं. दर वेळी सांगते, आणि दर वेळी कोणीतरी विचारतं, ‘मग कोण करणार?’ मागच्या खेपेला एका सुनेने विचारलं तेव्हा तिचा नवरा दारातच उभा होता. मी मोज्यांची एक जोडी त्याच्या हातात दिली. त्याने ती खिशात ठेवली. वापरली का, ते विचारायला बुधवारी जाणार आहे, आणि ही मुलगी माझ्याबरोबर येतेय.