रिबाँडिंगवर मेंदी: आईची पुडी आणि माझे सुजलेले डोळे

आवाज नीट येतोय ना? वर पंखा चालू आहे, घरघर ऐकू आली तर सांभाळून घ्या, तो बंद केला तर मी शिजेन.

तर आजचा विषय केस. आधीच सांगते, मी ब्यूटिशियन नाही, दिवसभर कोड लिहिते. पण या भानगडीत स्वतः पडून, आपटून बाहेर आलेय, म्हणून बोलतेय.

माझे केस जन्मापासून कुरळे. घरात त्यांना कुरळे कुणी म्हणायचं नाही, झिंज्याच म्हणायचे. "त्या झिंज्या आवर आधी, मग पानावर बस." त्यामुळे नोकरी लागल्यावर मी नवा फोन घेतला नाही, रिबाँडिंग करून आले. सहा तास त्या खुर्चीत बसून पाठीचा काटा ढिला झाला. पण बाहेर पडल्यावर वाऱ्यानं केस उडाले आणि आपणहून परत जागेवर आले, हे आयुष्यात पहिल्यांदाच झालं. 'आपले केस आहेत तसे स्वीकारा' वगैरे मला कुणी सांगू नका. मी खूश होते, आजही आहे.

मग सत्ताविसाव्या वर्षी कानशिलापाशी पांढरे केस दिसायला लागले. पार्लरमधल्या ताई म्हणाल्या, "एवढं केमिकल झालंय, त्यावर लगेच कलर नका करू, तुटतील." आई म्हणाली, "मेंदी लाव की. आपली नैसर्गिक असते." आणि तिच्या कपाटातली पुडी काढून दिली. काळी मेंदी. ती कितीतरी वर्षं हीच लावते.

रविवारी रात्री लावली. अर्ध्या तासात केस काळेभोर! मी म्हटलं, वा! सोमवारी टाळू खाजत होती, दुर्लक्ष केलं. मंगळवारी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या सुजून टम्म, कानामागे पाणी सुटलेले फोड. ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसले आणि दुपारी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "काळी मेंदी लावली होती का?"

आता नीट ऐका. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या केराटिनला जाऊन चिकटतं आणि त्याचा रंग केशरी-लाल असतो. नुसत्या मेंदीनं केस काळे होतच नाहीत. अर्ध्या तासात काळे झाले, तर ते काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आणि बहुतेक वेळा तो दुसरा म्हणजे पीपीडी, पॅराफिनायलिनडायअमाईन. बाजारातल्या हेअर डायमध्ये असतं तेच. अनेकांना ते सोसतं, काहींना अजिबात नाही. त्रास लगेच दिसतोच असं नाही, एक-दोन दिवसांनी उठतो. आणि वर्षानुवर्षं काही न होता एके दिवशी अचानक सुरू होऊ शकतो. एकदा अॅलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. म्हणजे मला आता पार्लरचा साधा काळा कलरसुद्धा बंद.

बरं, मग रिबाँडिंगचा संबंध काय? आपला केस सरळ की कुरळा, यात केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांचा मोठा वाटा असतो. पार्लरमधलं पहिलं क्रीम, बहुतेक थायोग्लायकोलेटचं, हे बंध तोडतं. मग इस्त्री. मग न्यूट्रलायझर, ज्यात सहसा हायड्रोजन पेरॉक्साईड असतं, ते तुटलेले बंध नव्या सरळ आकारात परत जोडतं. या सगळ्यात केसाचं वरचं खवल्यांचं आवरण थोडं उघडं पडतं आणि केस जास्त शोषून घ्यायला लागतो. त्यामुळे सरळ केलेल्या लांबीवर मेंदी भराभर आणि गडद चढते. मुळापाशी उगवलेल्या नव्या केसांवर फिकी. हे माहीत नसलं की डोक्यावर दोन रंग होतात.

पुड्यांमधली आणखी एक गोम म्हणजे धातूचे क्षार. काही 'मेंदी'त तेही मिसळलेले असतात. असे क्षार केसात असताना वरून पेरॉक्साईड आलं, तर केस तापतो आणि तुटतो. म्हणजे आज अशी मेंदी लावली आणि सहा महिन्यांनी मुळांचं रिबाँडिंग करायला गेलात, तर न्यूट्रलायझर लावताना घोळ होऊ शकतो. पार्लरमध्ये "मेंदी लावता का?" असं विचारतात, तेव्हा खरं सांगा. शुद्ध मेंदी असली तरी सांगा, कारण तिच्या थरामुळे क्रीम सगळीकडे सारखं आत जात नाही.

माझे फोड पूर्ण बरे झाल्यावर मी परत प्रयत्न केला. यावेळी पुडी उलटी करून घटक वाचले. एकच नाव हवं, लॉसोनिया इनर्मिस. राजस्थानातल्या सोजतची मेंदी घेतली, तिला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. आधी कोपराच्या आत जराशी लावून दोन दिवस थांबले. मग कंगव्यात आलेल्या केसांचा झुपका केला, त्यावर पेस्ट लावली आणि दर अर्ध्या तासानं थोडे केस धुऊन बघितले. अक्षरशः टेस्टिंग. हे करण्यात आळस नको, कारण मेंदीला अनडू नाही. रंग उतरवायला गेलात तर नीट उतरत नाही, केस वाढवून कापणे हाच मार्ग.

भिजवताना नुसतं कोमट पाणी आणि थोडा लिंबाचा रस. जास्त लिंबू नको, केस कोरडे होतात. आजीची लोखंडी कढई मी टाळली, आधीच शोषणाऱ्या केसात अजून लोखंड कशाला. मुळांना आधी लावली, दीड तासानं बाकी लांबीला, अजून तासाभरानं धुतली. वर प्लास्टिकची टोपी, कारण वाळलेली पेस्ट काढताना हेच केस ओढले जाऊन तुटतात. पहिल्या दिवशी कानशिलं गाजरासारखी दिसत होती! घाबरू नका, दोन-तीन दिवसांत रंग आपोआप गडद होतो. आता लांबी तपकिरी-लाल आहे, कानशिलं तांबूस. केस सरळच आहेत.

पण या सगळ्यात माझं खरं भांडण झालं ते आईशी. मी म्हटलं, "तू ती पुडी बंद कर." ती म्हणाली, "मला इतक्या वर्षांत काही झालं नाही." मी डॉक्टरांचं सगळं ऐकवलं. ती भाजी निवडत होती. जरा वेळानं खाली बघूनच म्हणाली, "लावल्यावर दोन दिवस खाजतं गं मला. मला वाटलं, सगळ्यांनाच खाजत असेल."

मी काय बोलणार?

लाल केस तिला नको आहेत. "म्हातारीसारखे दिसतात," म्हणते. म्हणून आता मेंदीनंतर नीळ, म्हणजे इंडिगोच्या पानांची पूड, असं दोन टप्प्यांत करून बघतोय. आधी हिरवट दिसतं, मग एक-दोन दिवसांत काळपट होतं. तिच्या हातावर दोन्हीचा ठिपका कालच लावलाय. उद्या रात्री अठ्ठेचाळीस तास होतील.