पाहुणा विद्यार्थी, यजमान भाषा

(जामसांवली येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



मघाशी मंदिराबाहेर नारळ घेतला. माझ्या पुढे छिंदवाड्याकडचे कुटुंब होते, मागे नागपूरकडचे. दुकानदार पुढच्यांशी हिंदीत बोलला, मागच्यांशी मराठीत. त्याला हे कुणी शिकवले नाही. आज मला 'आंतरराष्ट्रीय दृष्टीचे महाविद्यालय' हा विषय दिला आहे आणि तेव्हापासून तो दुकानदार माझ्या डोक्यातून जात नाही.

परदेशी विद्यार्थी येणाऱ्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे, असे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. त्यामुळे चर्चासत्रांत आता सामंजस्य करार, श्रेयांकांची देवाणघेवाण असे शब्द सर्रास कानी पडतात. करार जरूर व्हावेत. पण उद्या खरोखरच एखादी परकी मुलगी आपल्या फाटकाशी उभी राहिली, तर तिच्या हातात द्यायला आपल्याकडे काय आहे? माहितीपुस्तिका? ती तर तिने तिकडेच वाचलेली असते.

मला अशा वेळी पुणे-मुंबई आठवत नाही, फलटण आठवते. सातारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. १९६६च्या सुमारास मॅक्सीन बर्नसन नावाच्या एक अमेरिकन बाई तिथे भाषेच्या अभ्यासासाठी आल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय घेतला तो फलटणच्या बोलण्याचा: एकाच गावातल्या वेगवेगळ्या थरांतली माणसे मराठी कशी निरनिराळी बोलतात. ज्याला आपण अशुद्ध म्हणून लाल शाईने खोडतो, ते त्यांनी बसून ऐकले आणि टिपून घेतले. (पेपर तपासताना मीही ती शाई पुष्कळ वापरली आहे, हे आधीच कबूल करते.) पुढे बाई तिथेच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली. संस्थेच्या मराठी माध्यमाच्या शाळेला नाव आहे कमला निंबकर बालभवन. या कमलाबाईही जन्माने अमेरिकन. भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण त्यांनी सुरू केले.

या कमलाबाईंच्या सूनबाई म्हणजे लेखिका जाई निंबकर, इरावती कर्वे यांच्या कन्या. इरावतीबाई १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि डॉक्टरेट घेऊन परतल्या. आई शिकायला परदेशी गेली, आणि लेकीने फलटणमध्ये राहून, परदेशातून येणाऱ्यांना आपली भाषा शिकता यावी म्हणून मॅक्सीनबाईंच्या जोडीने मराठीचे संदर्भ-व्याकरण लिहिले. ते १९७५ साली निघाले. मॅक्सीनबाईंचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १९८२-८३ मध्ये आला. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो आजही कुणालाही पाहता येतो.

ही पुस्तके कपाटात ठेवायला झाली नव्हती. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या लहान महाविद्यालयांच्या संघाने पुण्यात भारत-अभ्यासाचा कार्यक्रम चालवला. ती मुले मराठी शिकत, मराठी कुटुंबांत राहत. मॅक्सीनबाई त्यांना मराठी शिकवीत. कार्लटन महाविद्यालयाच्या एलिनॉर झेलियट याही या कार्यक्रमाशी जोडलेल्या होत्या. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्यांच्या चळवळीवर प्रबंध लिहायला झेलियटबाई तिकडून इकडे आल्या. देवाणघेवाण म्हणतात ती ही. आपली मुले जातात एवढ्याने ती पुरी होत नाही, कुणी आपल्याकडे शिकायलाही यावे लागते. आणि येणाऱ्याला स्वयंपाकघरापर्यंत नेते ती त्या घरची भाषा. इंग्रजी त्याला फार तर दिवाणखान्यात बसवते.

आता आपल्याकडे येऊ. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्ण्याची मुले तेव्हापासून घरी मराठी आणि वर्गात हिंदी अशी रोज ये-जा करतात. पांढुर्णा २०२३ साली वेगळा जिल्हा झाला, ही ये-जा तशीच आहे. परदेशी शिक्षणाचे कार्यक्रम मुलांना सहा महिने परक्या घरात ठेवतात ते याच सवयीसाठी. आपल्या मुलांना ती फुकट मिळाली आहे आणि आपण तिला अडचण म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी प्रवेशाचे अर्ज तपासत होते. एका मुलीने मातृभाषेच्या रकान्यात 'हिंदी' लिहिले होते. मी मराठीतच विचारले, "घरी कोण कोण असतं?" म्हणाली, "आजी आहे, आई-बाबा आहेत." "आजीशी कशात बोलतेस?" "मराठीत." "मग इथे?" ती म्हणाली, "मॅडम, ती खरी मराठी नाही ना. आम्ही 'करून राह्यलो' म्हणतो."

आता ही मुलगी परदेशी पाहुणीला आपल्या घरी कशी नेईल? भाषेची लाज वाटणारा यजमान पाहुण्याला अंगणातूनच परत पाठवतो. आणि 'करून राह्यलो'मध्ये लाज वाटण्यासारखे काय आहे? मराठी धातूला हिंदीच्या 'कर रहा हूँ'चा साचा शेजारधर्माने चिकटला आहे. नागपूरकडे सारे तसेच बोलतात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगला पहिला धडा मिळायचा नाही.

म्हणून आपल्या महाविद्यालयाकडून माझी मागणी लहान आहे. कार्यालय मागाहून उघडा. आधी विद्यार्थ्यांच्या हातात वही द्या. या भागातल्या संत्र्याच्या बागेतले, बाजारातले, बाळंतिणीच्या खोलीतले शब्द आणि वाक्ये, कोण कुणाशी कधी बोलतो त्यासकट, लिहून घ्या. त्यातून बाहेरच्या माणसाला शिकता येईल असे एक पाठ्यपुस्तक होऊ द्या. एका कडेला हिंदी, एका कडेला इंग्रजी. फलटणने केले, त्याला विद्यापीठाची इमारत लागली नाही. तिथे बाहेरची बाई यावी लागली हे खरे; आपण तेवढी वाट पाहू नये.

त्या मुलीने वही सुरू केली आहे. बरीच पाने भरली आहेत, अक्षर वाईट आहे. परवा येऊन म्हणाली, "आजी विचारते, हे लिहून कोणाले पायजे? तिला काय सांगू?" मी म्हटले, या रविवारी मला घरी घेऊन चल, आजीशी मीच बोलते.