पालघरचा प्लॉट आणि कोरडवाहूचा पैसा
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



कापसाच्या भावावर आणि ज्वारीच्या खरेदीवर सकाळपासून बोलणे झाले. आता थोडे वेगळे बोलायचे आहे. आपल्या गावांत हल्ली एक नवा व्यापारी फिरतो. तो कापूस घ्यायला येत नाही, प्लॉट विकायला येतो. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा, जालना असा समृद्धी महामार्ग आपल्या कपाशीच्या मुलखातून गेला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. ज्यांची जमीन गेली त्यांच्या हातात मोबदला आला. कुणाचा मुलगा बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. तो फोन करतो, "बाबा, इथे भाव वाढतोय, एक खोली घेऊन टाकू." घरात दोन मते होतात आणि मग आम्हाला विचारणा होते, घ्यावे का?

घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. शेतकऱ्याचा पैसा शेतातच जिरला पाहिजे असा कुठे कायदा नाही. पण सरकीची पिशवी घेताना आपण लॉट नंबर पाहतो, उगवणशक्ती पाहतो, पक्की पावती मागतो. आठशे-हजाराच्या पिशवीला एवढी चौकशी आणि वीस लाखांच्या प्लॉटला दलालाच्या शब्दावर इसार, हे कसे चालेल?

पहिली गोष्ट. येणाऱ्या प्रकल्पाच्या नावाने भाव देऊ नका. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराचे उदाहरण घ्या. बंदराची चर्चा १९९०च्या दशकातच सुरू झाली होती. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला. त्यासाठी नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ साली बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली अटी घालून परवानगी दिली आणि भूमिपूजन झाले ३० ऑगस्ट २०२४ रोजी. बंदर येणार म्हणून १९९७ साली ज्याने जमीन धरली, त्याला नुसत्या भूमिपूजनासाठी सत्तावीस वर्षे थांबावे लागले. बुलेट ट्रेनचे भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मधले. बोईसरला तिचे स्थानक ठरलेले आहे, पण गाडी अजून धावलेली नाही. ढग दिसले म्हणून पेरणी करणाऱ्याला दुबार पेरणी करावी लागते. प्लॉटमध्ये दुबार पेरणीला पैसा उरत नाही.

दुसरी गोष्ट. सातबारा स्वतः काढा, दलालाने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते पाहा. वर्ग २ असेल किंवा कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर तिच्या विक्रीवर अटी असतात. इतर हक्कांत बँकेचा बोजा, वारसाची नोंद, कोर्टाचा मनाई हुकूम आहे का ते वाचा. मागचे फेरफार काढा. तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून घ्या, विकणाऱ्याच्या वकिलाकडून नको. "फार्महाऊसचा पाच गुंठ्यांचा प्लॉट" म्हणून एकाच सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे चढवून देतात. तुमचे पाच गुंठे त्यातले कोणते, हे मोजणीशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि शेतजमिनीच्या तुकड्यांना तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. नुसते मुखत्यारपत्र आणि नोटरीचा कागद म्हणजे मालकी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग आदिवासींचा आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन सरकारी मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. अशी जमीन परत देण्याचा वेगळा कायदा १९७४चा आहे. मग दलाल म्हणतो, "नाव त्यांचेच राहू द्या, ताबा तुमचा." जो प्लॉट फार स्वस्त मिळतो, तो स्वस्त का, हे विचारा. भात आणि नागली पिकवणारा तिकडचा वारली शेतकरी आपल्यासारखाच पावसावर जगतो. आपली जमीन कवडीमोलाने गेली म्हणून आपण रस्त्यावर बसायचे आणि त्याची जमीन कवडीमोलाने घ्यायची, हे संघटनेच्या माणसाला शोभत नाही. शिवाय त्यात पैसाही बुडतो.

चौथी गोष्ट, फ्लॅटची. १ मे २०१७ पासून महारेरा सुरू आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला, आणि प्लॉट पाडण्यालाही, नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि तो स्वतः तपासा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. भाव चटई क्षेत्रावर विचारा.

पाचवी गोष्ट, जागा पायाने पाहा. पावसाळ्यात जा. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले आणि अशा केंद्राभोवती पाच किलोमीटरपर्यंत वस्तीच्या वाढीवर निर्बंध असतात. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८च्या पाहणीत तारापूर औद्योगिक क्षेत्र प्रदूषणात देशात वरच्या क्रमांकावर आले. प्यायचे पाणी कुठून येते, हे तिथे राहणाऱ्या बाईला विचारा. ती खरे सांगेल.

आता हिशोब. आपण उत्पादन खर्च काढतो तसाच काढू. समजा २५ लाखांची खोली, भाडे महिना ६ हजार. वर्षाचे ७२ हजार. एक महिना रिकामी राहिली, ६ हजार गेले. सोसायटीचे १२ हजार. घरपट्टी आणि दुरुस्ती ४ हजार. उरले ५० हजार, म्हणजे शेकडा दोन. बँकेतली मुदतठेव याहून जास्त देते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी तर अजून धरलेलीच नाही. मुलगा स्वतः राहणार असेल, त्याचे भाडे वाचणार असेल, तर हिशोब बदलतो. नुसता भाव वाढेल म्हणून घेणार असाल तर तो सट्टा आहे हे समजून घ्या. आणि कापूस पडत्या भावात का होईना, चार दिवसांत विकला जातो. प्लॉटला गिऱ्हाईक मिळायला वर्ष जाते. मुलीचे लग्न, दवाखाना, जूनची पेरणी वर्षभर थांबत नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी सावकाराचे आणि बँकेचे कर्ज फेडा. मग दोन हंगामांचा पेरणीखर्च बाजूला ठेवा, कारण कोरडवाहूत एक हंगाम जाणारच. मग विहीर, बांधबंदिस्ती. त्यानंतर जे उरेल त्यातून प्लॉट. पीककर्ज काढून प्लॉट नको. आणि आहे ती सगळी शेती विकून तर मुळीच नको. शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावे लागते. शेवटचा सातबारा गेला की उद्या शेती परत घ्यायची म्हटली तरी कायदा दारात उभा राहतो.

घ्यायचे ठरले तर कागदावर घरच्या बाईचे नाव घाला. आणि इसार देण्याआधी कागद घेऊन पुढच्या मेळाव्याला या. इथे वकील असतील, आम्ही असू. चार जणांनी मिळून कागद वाचला तर चूक सापडते. दलाल म्हणेल, "आजच द्या, उद्या भाव वाढेल." त्याला सांगा, महिन्याने वाढलेला भाव आम्ही देऊ, पण न वाचलेल्या कागदावर अंगठा देणार नाही.