सर्वांचा जिना



घरची चूल दोन वेळा पेटते आणि विझते. उपाहारगृहाच्या भटारखान्यातील शेगडी मात्र पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत जळत असते. कढईतील तेलाची वाफ धुराड्यात चढते आणि आतून चिकट थर धरते. हा थर म्हणजे भिंतीआड साठविलेले जळणच होय. एखादे दिवशी कढईतील ज्वाळा तेथवर पोचते आणि तेच धुराडे आगीला वरच्या मजल्यावर नेते. अशा वेळी घाबरलेला माणूस पेटत्या तेलावर पाणी ओततो. त्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती सुमारे सतराशेपट फुगते आणि जळते तेल चहूकडे उडते. गॅस बंद करून कढईवर झाकण घालावे, पाणी घालू नये, हे प्रत्येक पोऱ्याला शिकविले पाहिजे.

परंतु आगीत माणसे पुष्कळदा दगावतात ती धुराने, आणि वाट न सापडल्याने. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईत कुर्ला येथे एका उपाहारगृहाला आग लागली. पोटमाळ्यावर जेवायला बसलेली आठ माणसे वरच अडकून गेली. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत १४ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील कित्येकांनी स्वच्छतागृहात आसरा घेतला होता. ती गुदमरून गेली.

एका इमारतीत खाली खानावळ, वर शिकवणीवर्ग, त्यावर दवाखाना, अशी आपल्या गावोगावची रचना आहे. दुकान ज्याचे त्याचे. जिना मात्र सर्वांचा, म्हणून कोणाचाच नाही! तेथे तेलाचे डबे रचले जातात, रिकामी सिलिंडरे ठेवली जातात, मागच्या दाराला कुलूप लागते. आपण अंग चोरून त्यातून वाट काढतो आणि गप्प बसतो.

२००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने अग्निशमनाची साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, देणे मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक केले आहे. ते पाहायला मागण्यात संकोच कसला? शेजारधर्म म्हणून मागा. आणि उद्या आपली मुले ज्या वर्गाला जातात, तेथील जिना स्वतः चढून पाहा. दुसरी वाट उघडते का, तेही पाहा.