हिरवी पूड आणि घरचा पाला



अलीकडे आपल्या पुष्कळ घरांत सकाळी पाण्यात हिरवी पूड कालवून घेण्याचा प्रघात पडला आहे. डब्यावरील ‘मोरिंगा’ म्हणजे आपला शेवगाच. कोकणात गोकुळाष्टमीला याच पाल्याची भाजी होते. (तिला मात्र कोणी डबा मागत नाही!)

पुडीस आम्ही नावे ठेवीत नाही. पाला वाळला की त्यातील लोह चमचाभर पुडीत एकवटते. परंतु क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते, आणि लोह अंगी लागण्यास तेच साहाय्य करते. म्हणून वर लिंबू पिळावे. चहाबरोबर पूड घेऊ नये. पाला घरीच सावलीत वाळवून कुटल्यास उत्तम.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगावयाची आहे. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणारे वडीलधारे आपल्यांत आहेत. हिरव्या पाल्यातील के जीवनसत्त्व त्या औषधाचा प्रभाव कमी करते. सूनबाई प्रेमाने पेला पुढे करतात, मामंजी मुकाट्याने पितात, आणि डॉक्टरांना कोणीच सांगत नाही! अशांनी पूड सुरू करण्यापूर्वी, तशीच ती एकाएकी बंद करण्यापूर्वीही, डॉक्टरांस अवश्य विचारावे.